हार्मोन्स, हृदय आणि धमन्या: काय मोजायचे, केव्हा आणि कसे

हृदयाच्या तपासणीला गेलेल्या स्त्रीला वय, वजन, साखर, रक्तदाब हे सगळे विचारले जाते. गर्भारपणात रक्तदाब चढला होता का, पाळी केव्हा आणि कशी थांबली, हे मात्र बहुधा राहूनच जाते. ही माहिती स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल हृदयरोगतज्ज्ञांच्या टेबलावर क्वचितच पोहोचते. ती माहिती एका पानावर कशी आणायची, कोणती तपासणी कोणत्या टप्प्यावर करायची आणि हार्मोनच्या गोळ्या किंवा पॅच घ्यायचे ठरवताना काय पाहायचे, ते इथे क्रमाने दिले आहे.

धमनीच्या आतला कारभार

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एकपदरी नाजूक अस्तर असते. धमनी कधी सैल सोडायची, कधी आवळायची, रक्त गोठू द्यायचे की नाही, हे बरेचसे हे अस्तरच ठरवते. त्याच्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसाठी रिसेप्टर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, असतात. इस्ट्रोजेन तिथे चिकटले की पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात, तो खालच्या स्नायूच्या थरात उतरतो आणि धमनी रुंदावते. हे काही मिनिटांत घडते. सावकाशीचे काम यकृतात चालते. इस्ट्रोजेन असताना यकृताच्या पेशी रक्तातले एलडीएल (धमन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल) जास्त उचलतात आणि एचडीएल (चांगले मानले जाणारे कोलेस्टेरॉल) थोडे वाढते.

एवढे वाचून वाटते, मग इस्ट्रोजेन दिले की हृदय सुरक्षित. वैद्यकालाही एकेकाळी तसेच वाटले होते. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीत तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन पाहिले. फायदा राहिला बाजूला, झटके आणि गुठळ्या वाढल्या म्हणून मोठ्या डोसचा गट १९७० मध्ये बंद करावा लागला. चरबीचा थर बसलेल्या धमनीत अस्तर आजारी असते, रिसेप्टर कमी झालेले असतात, नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची ताकद घटलेली असते. फायदा व्हायला जागाच उरत नाही. उलट तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. गुठळी व्हायला थर तयारच असतो.

पुढचे बहुतेक निर्णय म्हणून दोन प्रश्नांवर येऊन ठरतात: हार्मोन शरीरात येते तेव्हा धमनी किती मोकळी आहे, आणि ते कोणत्या वाटेने येते.

प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनचे चित्र इतके स्वच्छ नाही. अंडाशयात बनते तसेच असलेले ‘मायक्रोनाइज्ड’ प्रोजेस्टेरॉन रक्तातल्या चरबीला फारसे हात लावत नाही. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम रूप मात्र इस्ट्रोजेनने वाढवलेले एचडीएल पुन्हा खाली ओढते. १९९५ च्या ‘पेपी’ चाचणीत हा फरक दिसला होता. गोळीच्या पाकिटावर ‘प्रोजेस्टोजेन’ (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या सगळ्या औषधांचे सामाईक नाव) एवढाच शब्द वाचून थांबू नका, आतले नेमके नाव पाहा.

एका पानाची नोंद

कागदावर किंवा फोनमध्ये पुढच्या गोष्टी तारखांसह लिहून ठेवा.

पहिली पाळी कोणत्या वयात आली. दहाव्या वर्षी किंवा त्याआधी, तसेच सतराव्या वर्षी किंवा त्यानंतर पाळी आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे हृदयविकार थोडा जास्त आढळतो. पाळीचे चक्र वर्षानुवर्षे ३५ दिवसांपेक्षा लांब किंवा अनियमित होते का, तेही लिहा.

प्रत्येक गर्भारपणाची वेगळी ओळ करा. रक्तदाब, लघवीतली प्रथिने, साखर, बाळंतपण ३७ आठवड्यांच्या आधी झाले का, बाळाचे वजन कमी होते का, गर्भपात किती. आठवत नसेल तर जुने डिस्चार्ज कार्ड शोधा. ‘शेवटी शेवटी थोडे बीपी होते’ या वाक्यामागे कधी कधी पूर्ण प्रीएक्लाम्प्सिया (गर्भारपणातला रक्तदाबाचा गंभीर आजार) दडलेला असतो.

गर्भनिरोधक गोळ्या कोणत्या, किती वर्षे. मायग्रेन असेल तर डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या रेघा, नागमोडी प्रकाश किंवा आंधळा ठिपका येतो का. गुठळीचा आजार स्वतःला किंवा घरात कोणाला झाला आहे का. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला का.

शेवटी पाळी थांबल्याचा महिना आणि वर्ष, आणि ती आपोआप थांबली, शस्त्रक्रियेने थांबली की कर्करोगाच्या औषधांनी. इथे हमखास चूक होते. ‘पिशवी काढली’ एवढेच स्त्रीला माहीत असते, अंडाशय ठेवले की काढले हे माहीत नसते. अंडाशय शाबूत असतील तर पाळी नसली तरी हार्मोन चालू असते, काढले असतील तर ते त्याच दिवशी जवळजवळ संपते. हा फरक धमन्यांच्या दृष्टीने फार मोठा आहे. शस्त्रक्रियेच्या कागदावर पाहूनच लिहा.

प्रीएक्लाम्प्सिया आणि चाळिशीच्या आत थांबलेली पाळी, या दोन्हींपैकी काही पानावर असेल तर त्याखाली लाल रेघ ओढा. कोलेस्टेरॉलचे औषध सुरू करावे की थांबून पाहावे, असा पेच असतो तेव्हा अमेरिकी हृदयरोग संघटनांची २०१८ ची मार्गदर्शक सूत्रे या दोन गोष्टींना जोखीम वाढवणारे घटक म्हणून मोजायला सांगतात.

पाळी चालू असतानाच्या तपासण्या

कोलेस्टेरॉलचे आकडे महिनाभर एकसारखे नसतात. पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्यात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल थोडे जास्त, दुसऱ्या अर्ध्यात थोडे कमी, आणि अंडे सुटण्याच्या सुमारास एचडीएल सर्वांत वर असते. फरक फार मोठा नसला तरी ‘औषधाने उतरले’ किंवा ‘पथ्य करूनही चढले’ असा गैरसमज व्हायला तेवढा पुरतो. साधा उपाय असा की दरवेळी रक्त चक्राच्या त्याच दिवसांत द्या. पाळी संपल्यानंतरचे दोन-तीन दिवस लक्षात ठेवायला सोपे. रिपोर्टवर पाळीचा कितवा दिवस होता ते स्वतः लिहून ठेवा.

उपाशीपोटी जाण्याची नेहमीच गरज नसते. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ४०० च्या वर निघाले तर मात्र नेहमीच्या सूत्राने काढलेले एलडीएल भरवशाचे राहत नाही. अशा वेळी ९ ते १२ तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्यावे.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात नाडी काही ठोक्यांनी वाढते आणि छातीत धडधडल्यासारखे होऊ शकते. अधूनमधून काही सेकंद होत असेल तर बहुधा चिंतेचे कारण नसते. धडधड अचानक बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच थांबत असेल, नाडी १५० च्या वर जात असेल किंवा चक्कर येत असेल तर त्या वेळीच ईसीजी निघायला हवा, नंतर काढलेला स्वच्छच येतो. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर धडधडीसाठी आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोहाच्या कमतरतेत हिमोग्लोबिन ए१सी ही साखरेची तपासणीही खोटी जास्त दिसू शकते, तेव्हा उपाशीपोटीची साखर जास्त विश्वासाची.

संयुक्त गर्भनिरोधक गोळी, म्हणजे जिच्यात इथिनिल इस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असतात ती, यकृतावर जोरात काम करते. ती रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतले एक प्रथिन वाढवते आणि गोठण्याचे घटकही. गोळी न घेणाऱ्या आणि गर्भार नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गर्भारपणात हा आकडा ५ ते २० असतो आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत ४० ते ६५ वर जातो. तरुण, निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीने गोळीला घाबरण्याचे कारण नाही, हे या आकड्यांतूनच कळते. धोका इतर गोष्टी जुळून आल्या की वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार वय ३५ किंवा जास्त आणि दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी, रक्तदाब १६०/१०० किंवा वर, दृष्टीच्या लक्षणांसह मायग्रेन, पूर्वीची गुठळी, हृदयविकार किंवा पक्षाघात, यांपैकी एकही असेल तर संयुक्त गोळी घेऊ नये. रक्तदाब १४० ते १५९ किंवा खालचा आकडा ९० ते ९९ असेल तरी शक्यतो दुसरा उपाय निवडावा. फक्त प्रोजेस्टोजेनची गोळी, तांबी किंवा हार्मोनची तांबी हे पर्याय असतात.

गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजलाच पाहिजे. तो न मोजता चिठ्ठी लिहून दिली असेल तर स्वतः मोजून घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे तीच गोळी आणत राहणे आणि मधल्या काळात पस्तिशी ओलांडणे, हा सर्वांत सामान्य घोळ.

पीसीओएस असेल तर

पीसीओएस म्हणजे अंडाशयांचे काम आणि पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा विकार. इथे पुरुषी हार्मोन्स आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी मिळून चरबी पोटाकडे वळवतात, ट्रायग्लिसराइड्स वाढवतात, एचडीएल घटवतात. निदान झाल्याबरोबर लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्सची तपासणी) करा, वजन कितीही असो. रक्तदाब दरवर्षी. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी तपासणी सर्वांत चांगली, कारण पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर बरीच वर्षे साळसूद राहते. ती दर १ ते ३ वर्षांनी पुन्हा करायची. पाळी नियमित झाली म्हणजे हा हिशेब मिटला, असे समजू नका.

गर्भारपण आणि त्यानंतर

गर्भारपणात रक्तातला द्रव सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलते. धमन्यांची ही कसोटीच. ज्या धमन्या तेव्हा कुरकुरतात, त्यांचे दुखणे पुढे वर येण्याची शक्यता जास्त. प्रीएक्लाम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रीत पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, कायमचा रक्तदाब जडण्याचा धोका त्याहून जास्त.

बाळंतपण झाले की रक्तदाब उतरला, असे मानून यंत्र बाजूला ठेवले जाते. खरे तर तो बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो, म्हणजे नेमका घरी आल्यावर. पहिल्या आठवड्यात रोज दोनदा मोजा. आकडा १६०/११० च्या घरात गेला, किंवा न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे यांपैकी काही झाले तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू अशक्त होण्याचा एक आजार होऊ शकतो. आडवे पडल्यावर दम लागतो, रात्री दम लागून जाग येते, पाय सुजत जातात. ‘बाळामुळे झोप नाही, त्यामुळे थकवा’ असे म्हणून तो नजरेआड होतो. नुसत्या थकव्याने आडवे पडल्यावर दम लागत नाही. उशा वाढवाव्या लागत असतील तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

गर्भारपणात मधुमेह झाला असेल तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी, मग दर १ ते ३ वर्षांनी साखर. लिपिड प्रोफाइल मात्र लगेच करू नका. गर्भारपणात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स बरेच वाढलेले असतात आणि ते उतरायला वेळ लागतो, निदान दोन-तीन महिने जाऊ द्या. पुन्हा गर्भार राहायचे असेल तर आधीच सांगा. एसीई गटातली रक्तदाबाची औषधे, ‘सार्टन’ने संपणारी औषधे आणि सहसा कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिनही बदलावे किंवा थांबवावे लागते. आधी प्रीएक्लाम्प्सिया झाला असेल तर पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्याच्या आत अ‍ॅस्पिरिनचा लहान डोस सुरू करतात. ही वेळ निघून गेली की त्याचा उपयोग घटतो, म्हणून पहिल्याच भेटीत विषय काढा.

रक्तदाब घरी मोजण्याची पद्धत

यंत्र दंडाला पट्टा लावायचे घ्या, मनगटाचे नको. टेपने दंडाचा मधला घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापांशी जुळवा. जाड दंडावर लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढलेला दिसतो, आणि औषध उगाच वाढते.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर, पाय न दुमडता पाच मिनिटे गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला टेकलेला. एका मिनिटाच्या अंतराने दोन आकडे घ्या. सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर तो वाढलेला रक्तदाब समजतात. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम वापरा.

पाळी जाण्याच्या काळात अंगातून अचानक गरम वाफ निघून घाम फुटतो, त्या क्षणी मोजू नका. ती लाट ओसरू द्या, मग पाच मिनिटांचे बसणे नव्याने सुरू करा.

पाळी जाण्याची वर्षे

सर्वांत जास्त उलथापालथ इथे होते, आणि सर्वांत कमी तपासण्याही इथेच होतात. पाळी सलग १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. बहुतेकींना हे ४५ ते ५५ या वयात घडते. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या अभ्यासात वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांना पाळी जाण्याच्या आधीपासून पुढे अनेक वर्षे तपासत राहिले. त्यातून दिसले की एलडीएलची उडी वयाबरोबर हळूहळू येत नाही, तर शेवटच्या पाळीच्या आगेमागे साधारण वर्षभराच्या काळात येते. धमन्यांचा ताठरपणाही त्याच सुमारास वेगाने वाढतो. पन्नाशीत ‘एकदम कोलेस्टेरॉल निघाले’ ते यामुळे. खाण्यापिण्यात काही बदलले नसतानाही ते वाढते, म्हणून स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

तपासण्यांचे वेळापत्रक यावरूनच बसवा. पाळ्या मागेपुढे होऊ लागल्या की, म्हणजे दोन पाळ्यांतले अंतर आठवड्याहून अधिक बदलू लागले की, एक पायाभूत तपासणी करा: लिपिड प्रोफाइल, साखर, टीएसएच, घरचा सात दिवसांचा रक्तदाब, कमरेचा घेर. शेवटच्या पाळीनंतर वर्षभराने तेच सगळे पुन्हा. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की उडी किती मोठी आहे ते दिसते. एकट्या रिपोर्टमध्ये ते दिसत नाही.

टीएसएच मुद्दाम सांगितले आहे. थायरॉइड मंदावले तरी एलडीएल वाढते, वजन वाढते, थकवा येतो, आणि हे सगळे ‘वयानुसार’ या खात्यात जमा होते. थायरॉइड तपासल्याशिवाय स्टॅटिन सुरू करू नये.

कमरेचा घेर नाभीवरून किंवा पँटच्या पट्ट्यावरून मोजू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, साधा श्वास सोडल्यावर आकडा वाचा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. पाळी जाताना वजनाचा काटा हलला नाही तरी स्नायू घटून पोटातली चरबी वाढते, आणि ते टेपलाच कळते.

लायपोप्रोटीन (ए) या एलडीएलसारख्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी. ते बहुतांशी जन्मजात ठरलेले असते, पण इस्ट्रोजेन गेल्यावर थोडे वाढते. पूर्वीचा आकडा ५० मिलिग्रॅमच्या उंबरठ्यावर असेल तर पाळी गेल्यावर पुन्हा पाहावे.

पैसे आणि डोकेदुखी वाचवायची असेल तर एक तपासणी टाळा. पंचेचाळिशीनंतर पाळ्या बिघडल्या आणि वाफा सुरू झाल्या तर एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे हार्मोन) किंवा इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचे मुख्य रूप) यांची तपासणी करण्यात अर्थ नाही. या काळात ही हार्मोन्स आठवड्याआठवड्याला खालीवर होतात, एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. पंचेचाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र ती जरूर करावी.

वाफांबद्दल एक गोष्ट. त्या वारंवार आणि वर्षानुवर्षे येत राहतात अशा स्त्रियांमध्ये पुढे हृदयविकार जास्त आढळला आहे. वाफ हे कारण आहे असे यातून सिद्ध होत नाही. पण अशी स्त्री डॉक्टरांकडे आली की रक्तदाब आणि लिपिड पाहिल्याशिवाय तिला परत पाठवू नये, एवढे नक्की.

हालचालीचे गणित सगळ्यांना पाठ असते, आठवड्याला १५० मिनिटे घाम येईल असा व्यायाम. राहून जातो तो दुसरा भाग: आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ओझे देणारा व्यायाम. पाळी गेल्यावर चालणे एके चालणे करणाऱ्यांची साखर हटत नाही, याचे एक कारण घटलेले स्नायू हे असते. मीठ दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत. हे प्रमाण सगळ्यांनाच लागू आहे, पण ताठरलेल्या धमन्यांत मिठाने रक्तदाब जास्त चढतो.

हार्मोन थेरपी: घ्यायची का, कोणती, कोणत्या वाटेने

‘हार्मोन घेतल्याने हृदयविकार होतो’ हे वाक्य २००२ मधून आले. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची गोळी दिली होती. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे हृदयविकाराच्या ७ घटना आणि पक्षाघाताच्या ८ घटना जास्त झाल्या. स्तनाचा कर्करोगही ठरवलेल्या मर्यादेबाहेर वाढला आणि एकूण धोके फायद्यांहून जास्त ठरले, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. मथळ्यांत एक तपशील हरवला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, पाळी जाऊन बहुतेकींना दशक उलटले होते. त्याआधी १९९८ च्या ‘हर्स’ चाचणीत मुळातच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांपैकी निम्म्यांना हेच औषध दिले तेव्हा पहिल्या वर्षी घटना वाढल्याच होत्या. दोन्हीकडे औषध थर बसलेल्या धमन्यांत गेले.

२०१६ मध्ये ‘एलीट’ चाचणीने तोच प्रश्न नेमका करून विचारला. पाळी जाऊन सहा वर्षे न झालेल्या आणि दहा वर्षे उलटलेल्या, अशा दोन गटांतल्या निम्म्या-निम्म्या स्त्रियांना रोज १ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल दिले. पहिल्या गटात मानेतल्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला, दुसऱ्या गटात काहीच फरक पडला नाही. मात्र हे भिंतीच्या जाडीचे मोजमाप आहे, झटके टळल्याचे नाही. त्यामुळे केवळ हृदय राखण्यासाठी हार्मोन घेऊ नये, हा सल्ला आजही कायम आहे. घ्यायचे ते वाफा, झोपमोड, योनीचा कोरडेपणा यांसाठी. वय साठच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल तर हृदयाच्या बाजूने सहसा अडसर नसतो.

घेऊ नये ते यांनी: हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या, कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्या, यकृताचा चालू आजार असलेल्या, आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्या स्त्रिया. शेवटच्या बाबतीत आधी रक्तदाब आवरा, मग पुन्हा विचार करा.

वाट निवडताना पॅच किंवा जेल यांना झुकते माप द्यावे असे आमचे मत आहे. त्वचेतून गेलेले इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालते, त्यामुळे ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याखालच्या पॅचने गुठळीचा धोका वाढल्याचे दिसत नाही. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, वजन जास्त, मायग्रेन किंवा रक्तदाब असलेल्या स्त्रीने तर गोळीऐवजी पॅचच मागावा. तो कमरेखाली, ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर, कोरड्या त्वचेवर लावा. तेल किंवा क्रीम लावलेल्या जागी तो निसटतो, कपड्याच्या पट्ट्याखाली घासून निघतो. छातीवर लावू नका, दरवेळी जागा बदला. ‘पॅचचा उपयोग होत नाही’ या तक्रारीत बऱ्याचदा पॅच नीट चिकटलेलाच नसतो.

गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेन हवेच, नाहीतर पिशवीच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यात १२ रात्री २०० मिलिग्रॅम, असे देतात. त्याने गुंगी येते, म्हणून रात्रीच. तीन महिन्यांनी रक्तदाब आणि लक्षणे पाहायची, मग दरवर्षी. फक्त योनीत लावायच्या कमी डोसच्या क्रीमचे इस्ट्रोजेन रक्तात नाममात्र उतरते. पाकिटातली हृदयविकाराची सूचना वाचून ते बंद करण्याची गरज नसते.

अकाली थांबलेली पाळी हा वेगळाच मामला. चाळिशीच्या आत पाळी गेली किंवा दोन्ही अंडाशय काढले गेले तर वरची भीती इथे लागू होत नाही. शरीरात जे असायला हवे तेच परत द्यायचे असते, म्हणून मनाई करणारे कारण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन घेण्याचा सल्ला दिला जातो. पस्तिशीतल्या स्त्रीला २००२ च्या चाचणीचे भय घालून औषध बंद करायला लावणे ही चूक आहे आणि ती वारंवार होते.

छातीत दुखले तर

स्त्रियांमध्येही झटक्याचे सर्वांत सामान्य लक्षण छातीतला दाब हेच असते. पण त्याच्या जोडीला, किंवा कधी त्याशिवायही, दम लागणे, मळमळ, जबडा, पाठ किंवा दोन्ही हात दुखणे, नेहमीपेक्षा वेगळा गळाठा हे पुरुषांपेक्षा जास्त दिसते. वाफ आणि झटका यांत गल्लत होते ती घामामुळे. वाफेत चेहरा आणि अंग गरम होते आणि काही मिनिटांत निवते. झटक्यातला घाम थंड असतो, अंग पांढरे पडते, आणि वेळ जाईल तसे बिघडतच जाते. शंका आली की रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवू नका.

गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत छातीत दुखले तर ‘एवढ्या तरुण वयात कसला झटका’ हे ऐकून परत येऊ नका. या काळात हृदयाच्या धमनीची भिंत आतून उकलण्याचा प्रकार घडतो. तो बहुतांशी स्त्रियांनाच होतो आणि त्यात धमनीत चरबी नसतेच. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) दोन्ही करायला सांगा. पहिले ट्रोपोनिन ठीक आले तरी काही तासांनी दुसरे व्हायला हवे.

पाळी गेलेल्या स्त्रीत अँजिओग्राफी स्वच्छ येते आणि चालताना छाती मात्र दुखत राहते, असेही वरचेवर घडते. मोठ्या धमन्या मोकळ्या असल्या तरी चित्रात न दिसणाऱ्या बारीक धमन्या सैलावत नसतात, आणि इस्ट्रोजेन गेल्यावर अस्तराची तीच ताकद कमी झालेली असते. ‘काही नाही, मनाचे आहे’ असे सांगितले गेले तर दोन प्रश्न विचारा: सूक्ष्म धमन्यांच्या रक्तप्रवाहाची तपासणी करता येईल का, आणि रक्तदाबाचे औषध, स्टॅटिन व छातीदुखीचे औषध सुरू ठेवायचे का. रिपोर्टवर ‘अँजिओग्राफी नॉर्मल’ एवढेच लिहून सगळी औषधे बंद झाली असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, आणि जाताना ते एका पानाचे टिपण बरोबर न्या.